हसनाबादची मोज्यातली सुरी

आमच्या हसनाबादेत मोजे घालणारी माणसं कमीच. एक मी, कारण मी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली, आणि मोज्यांशिवाय इंग्रजी अंगी लागत नाही अशी माझ्या वडिलांची समजूत होती. दुसरे बँकेचे मॅनेजर, पण ते बदलीवर आलेले, म्हणजे गावचे नव्हेतच. अशा गावात मोज्यात खोचायची सुरी तयार होते. ती घडवणारा भुजंग लोहार स्वतः बाराही महिने टायरची चप्पल घालून हिंडतो, आणि तरीही मोज्याविषयी त्याच्याशी वाद घालायची सोय नाही.

स्कॉटलंड नावाचा एक देश आहे. तिथले पुरुष लग्नाकार्यात गुडघ्याएवढा, चुण्यांचा, चौकड्यांचा झगा घालतात, खाली लोकरीचे उंच मोजे चढवतात आणि एका मोज्यात लहानशी सुरी खोचतात, नुसती मूठ वर दिसेल अशी. तिला ते लोक ‘स्कियन डू’ म्हणतात. भुजंग ‘स्किंडू’ म्हणतो आणि गाव ‘मोज्यातली सुरी’. भुजंगनं हे सगळं पहिल्यांदा बसस्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात सांगितलं, तेव्हा आधी झग्यावर हसावं की मोज्यावर, हेच लोकांना ठरवता येईना. शेवटी भारत म्हणाला, "आपला नवरदेव कट्यार हातात धरतो, टोकाला लिंबू खोचून. त्यांचा मोज्यात ठेवतो. दोघं बी त्या एका दिवसापुरतेच शूर." भारत गावात तालीम चालवतो आणि अजून बिनलग्नाचा आहे, म्हणून त्याला असं बोलायला परवडतं.

भुजंगचा बाप नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी करायचा. पुढे ट्रॅक्टर आले आणि लोहाराच्या दारची गर्दी ट्रॅक्टरच्या शोरूमला गेली. भुजंग काही वर्षं जालन्याला सळयांच्या एका कारखान्यात होता. तिथल्या सुपरवायझरला तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही, असं त्यानं एकदा सगळ्यांदेखत सांगितलं आणि संध्याकाळच्या बसनं परत आला. त्याचा स्वभावच तसा. त्याला स्वतःविषयी कधी शंका येत नाही. पावसानं ओढ दिली तरी त्याला वाटतं, आपल्याला वेळेवर विचारलं असतं तर ही वेळ आली नसती.

मग त्याला राधेश्याम भेटला. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राधेश्यामचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे आणि त्यावरून राधेश्याम जगाला काहीही विकतो. त्यानं भुजंगला मोबाइलवर त्या सुरीचा फोटो दाखवला. पात्यावर लहरीलहरींची नक्षी, वर काळी शिंगाची मूठ. राधेश्यामनं विचारलं, "जमेल का?" भुजंग म्हणाला, "ह्याच्यात काय हाय?" त्याच्यात काय आहे ते कळेपर्यंत त्यानं आसपासच्या सगळ्या गॅरेजांतलं भंगार संपवलं. तो हे कबूल करणार नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

नक्षी पात्यावर कोरलेली नसते, ती पोलादातच असते. जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे आणि आरा मशीनच्या तुटक्या पात्याचे तुकडे एकावर एक रचायचे, थर चिकटावेत म्हणून वर टाकणखार टाकायचा, भट्टीत पिवळेधमक होऊ द्यायचे आणि बाहेर काढल्याबरोबर ठोकून सगळ्या थरांचा एकजीव करायचा. मग लांबवायचं, दुमडायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. शेवटी घासूनपुसून पातळ तेजाबात बुडवलं की पाट्याचं पोलाद काळं पडतं, आऱ्याचं चकाकत राहतं, आणि थर दिसू लागतात. लोखंड जरा थंडावलं आणि ठोका उशिरा पडला की थर जुळत नाहीत. मग तेजाबातून निघालेल्या पात्यावर केसाएवढी काळी फट दिसते आणि सगळी मेहनत भंगारात जाते. मुठीला तिकडे हरणाचं शिंग लावतात. इकडे हरणाच्या शिंगाला हात लावला तर फॉरेस्टवाले भुजंगलाच कुठेतरी खोचतील, म्हणून तो म्हशीचं शिंग लावतो, नाहीतर मोसंबीचं लाकूड. आमच्याकडे मोसंबीच्या बागा पुष्कळ आणि पाण्यावाचून वाळलेली झाडं त्याहून पुष्कळ. राधेश्याम हे लाकूड ‘स्कॉटलंडच्या डोंगरातला अस्सल गाभा’ म्हणून विकायचा. त्याच्या जाहिरातीत पांढऱ्या दाढीचा एक गोरा म्हातारा धुरात उभा होता. म्हाताऱ्याचं नाव राधेश्यामनं स्वतःच ठेवलं होतं.

आणि तेच नाव प्रत्येक पात्यावर ठोकायचं. ठशाचा पंच राधेश्यामनं आणून दिलेला, ठोकणारा हात भुजंगचा. स्वतःच्या हातानं घडवलेल्या सुरीवर जगात नसलेल्या माणसाचं नाव ठोकताना तो मान वळवून भलतीकडेच बघायचा. एरवी मी भुजंगला हसायला टपलेला असतो, पण ते पाहताना मला वाईट वाटायचं.

आता नंदाबाईविषयी सांगायला हवं. ती भुजंगची बायको. आमच्याकडच्या लोहारकामाला दोन माणसं लागतात आणि ती दोन माणसं बहुधा नवरा-बायको असतात. नवरा ऐरणीपाशी बसतो. एका हातात सांडशी, सांडशीत लाल लोखंड, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. बायको समोर उभी राहून घण मारते. नवऱ्यानं हातोडी जिथं टेकवली तिथंच घण पडायला पाहिजे. हलकी टेकवली तर हलका, जोरात टेकवली तर जोरात. भुजंगचं लग्न झालं तेव्हापासून घण नंदाबाईच्या हातात आहे. ती उंचीनं बेताची आहे, पण तिनं घण उचलला की रस्त्यानं जाणारे पुढारीसुद्धा बोलता बोलता थांबतात. चार ठोके पडले की भुजंग उपरण्यानं कपाळ पुसतो आणि "लई मेहनतीचं काम हाय" असं म्हणतो.

मी एकदा त्याला म्हणालो, "भुजंग, सुरी तर नंदाबाईच घडवते की रे."

तो खरंच दचकला. "सर, तुमी बी? ती फकस्त घण मारती."

नंदाबाई तिकडे कोळसे विझवत होती. तिथूनच म्हणाली, "अन् हे फकस्त बसत्यात."

असं चाललं होतं, तेवढ्यात मोसंबीनं घोळ घातला. एका दुपारी राधेश्याम गाडी घेऊन माझ्या दारात आला. स्कॉटलंडातल्या फर्गस नावाच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं आणि त्याला इंग्रजीतून उत्तर हवं होतं. हा फर्गस स्वतः सुऱ्या घडवणारा. त्यानं मूठ घासून पाहिली, हुंगून पाहिली आणि विचारलं होतं, हे लाकूड लिंबाच्या जातीचं आहे. आमच्याकडे लिंबू काचेच्या घरात कसंबसं जगतं. तर तुमचा हा डोंगर नेमका कुठं आहे?

"लिहून टाका सर, बर्फातलं स्पेशल लाकूड आहे," राधेश्याम म्हणाला.

मी आयुष्यात खोटं लिहिलं नाही असं नाही. पटसंख्येचे अहवाल मीही भरलेत. पण ते मराठीत. इंग्रजीचा मी तेवढ्यासाठी कधी वापर केला नाही. मी फर्गसला लिहिलं की हा डोंगर म्हणजे जालना जिल्ह्यातलं हसनाबाद, झाड मोसंबीचं, पाण्यावाचून मेलेलं, आणि सुरी घडवणाऱ्याचं नाव भुजंग लोहार. राधेश्यामनं त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. मला दुपारची झोप मिळू लागली.

फर्गसचं उत्तर मात्र मोठं आलं. तिकडे सुरी घडवणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि फर्गस त्याच्या परीक्षकांतला. परीक्षा द्या, तो म्हणाला. उत्तीर्ण झालात तर मंडळ तुम्हाला कारागीर म्हणून मान्यता देईल, पात्यावर स्वतःचा ठसा मारता येईल आणि गिऱ्हाईक थेट तुम्हाला विचारत येईल. अट एवढीच की मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर, मध्ये न थांबता, परीक्षा देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं, एकट्यानं थरांचं पोलाद जुळवून दाखवायचं.

मी हे भुजंगला वाचून दाखवलं. ‘स्वतःचा ठसा’ ऐकल्यावर त्याचे डोळे भरून आले. त्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मी विचारलं, "पण भुजंग, एकट्यानं?"

"एकटाच तर करून राह्यलो इतकी वर्सं!" तो म्हणाला.

दसऱ्यानंतरचा रविवार ठरला. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. भुजंगनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, कपाळाला गंध लावलं आणि माझ्याकडून मोज्यांचा एक जोड मागून नेला. टायरच्या चपलेत ते मोजे घालून तो भट्टीपुढे बसला. नंदाबाईला त्यानं आधीच बजावलं होतं.

"तू भाईर येऊ नको. बाई घण मारताना दिसली तर काय म्हनतील ते लोक? बायकोच्या जिवावर खातो म्हनतील."

"मंग त्यात खोटं काय हाय?" असं म्हणून ती सूप घेऊन कुडाच्या पलीकडे ज्वारी पाखडत बसली.

निम्मं गाव जमलं होतं. मी मोबाइल स्टँडवर लावून दुभाषा म्हणून उभा. पडद्यावर फर्गस, तांबड्या नाकाचा, भुवयांची झुडपं झालेला. भुजंगनं हात जोडले, ‘नमस्ते’ म्हटलं आणि काम सुरू केलं. लोखंड पिवळं झालं. त्यानं ते झोकात बाहेर काढून ऐरणीवर धरलं आणि छोटी हातोडी टेकवली.

मग तो थांबला.

घण येईना. त्यानं पुन्हा हातोडी टेकवली, जरा जोरात. तरी येईना. त्यानं वर पाहिलं. समोर कुणी नव्हतं. लोखंड पिवळ्याचं नारिंगी झालं, नारिंगीचं लाल झालं आणि भुजंग हातोडी टेकवून वाट पाहत बसलेला. गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. भुजंगनं हातोडी टाकली आणि एका हातानं घण उचलायला गेला. दुसऱ्या हातात सांडशी होती. घण कसाबसा उठला आणि ऐरणीच्या कडेला आपटून मातीत गेला. त्यानं पुन्हा तापवलं, पुन्हा बाहेर काढलं आणि पुन्हा सवयीनं हातोडी टेकवून थांबला. फर्गस पडद्यावरून बघत होता. नुसती एक भुवई वर गेली होती.

तिसऱ्यांदा लोखंड भट्टीत गेलं तेव्हा कुडापलीकडचा सुपाचा आवाज थांबला. नंदाबाई बाहेर आली. पदर कमरेला खोचून तिनं मातीतला घण उचलला आणि म्हणाली, "टेकवा हातोडी."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. हातोडीची टिक आणि घणाचा दणका एकापाठोपाठ एक असे पडत होते की मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. टाकणखाराच्या ठिणग्या उडाल्या, गर्दी मागं सरली. थर जुळले. मी हसायला आलो होतो ते विसरून गेलो. फर्गस कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की पडद्यावर नुसतं नाक उरलं. मग तो मागं झाला आणि त्यानं विचारलं, ही बाई कोण?

मी मराठीत सांगितलं. भुजंगनं कपाळ पुसलं. आजूबाजूला अख्खं गाव, पडद्यावर स्कॉटलंड आणि समोर घण घेतलेली बायको. त्या ठशाच्या आशेनं त्याचं डोकं फिरलं होतं असं मी नंतर स्वतःला समजावलं, पण त्या वेळी तो ताठ मानेनं म्हणाला, "लेबर हाय म्हना. रोजावर आल्ती."

मला ते भाषांतर करावं लागलं नाही. तो शब्द माझ्या मदतीशिवाय स्कॉटलंडात पोचला. नंदाबाईपर्यंतही पोचला. तिनं घण आपटला नाही, सावकाश खाली ठेवला.

"लेबर हाय का मी? मंग आज इतवार हाय. लेबरला सुट्टी असती." कमरेचा पदर सोडून ती सूप घेऊन घरात गेली.

फर्गसनं त्यानंतर जे सांगितलं ते मी भुजंगला शब्दन् शब्द सांगितलं. मजुराची मदत घेतली तर परीक्षा बाद. पण दोन कारागीर मिळून घडवत असतील तर दोघांची जोडीनं परीक्षा होऊ शकते, दोघांचं नाव ठशावर येतं. तिकडे बर्फ पडण्याआधी मी एकदा पुन्हा बघेन, आणि ‘ही बाई कोण’ हेच पुन्हा विचारेन, असं तो म्हणाला. भुजंगनं सगळं ऐकून घेतलं. "दोन नावं? पातं केवढं, नावं केवढी!" एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई बायकांच्या टोळीबरोबर कापूस वेचायला गेली. तिसऱ्याही दिवशी गेली. वाटेत कुणी विचारलं, "काय नंदाबाई, भट्टी बंद व्हय?" की ती म्हणायची, "मालकाला इचारा. मी लेबर हाय."

मालकाची फजिती बघायला गावानं तिकीट काढलं असतं. आधी त्यानं भारतला बोलावलं. भारतचे दंड मोठे, तालमीतल्या पोरांना दाखवून दाखवून आणखी मोठे झालेले. त्यानं घण असा घातला की जणू जुनी भिंत पाडायची आहे. भुजंगनं हातोडी इकडे टेकवली की घण तिकडे, आणि तिकडे टेकवली की भारत विचारायचा, "आता का?" तापलेला तुकडा सांडशीतून निसटून शेजारच्या कोंबड्यांत गेला. दोन दिवस शेजारणीनं भुजंगला नाही नाही ते ऐकवलं. भारतनं दंडाला बाम लावला आणि लोहारकाम अडाणी लोकांचं आहे असं जाहीर केलं.

मग भुजंगनं यंत्र केलं. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर, जीपचा एक्सल आणि त्याला बांधलेला तोच घण. यंत्र जोरात होतं, फक्त त्याला हातोडी दिसत नव्हती. भुजंग टेकवायचा एकीकडे आणि ते आपलं दणादण मारत सुटायचं. पहिल्याच दिवशी सुरीचं उलथनं झालं. भुजंग म्हणाला, नक्षी तर बराबर आलीय. नक्षी आली होती. पण त्याच्यानं भाकरी सोडून काही उलटता आलं नसतं. त्यात एकदा लाइट गेली आणि घण वरच अडकला. लाइट कधी येईल सांगता येईना, म्हणून सगळी आळी भट्टीला लांबून वळसा घालून जायला लागली.

मी रोज हे बघायला जायचो आणि रोज माझा राग वाढायचा. एवढा मोठा बाप्या, पण तोंडातून एक शब्द काढायचा तर त्याला त्यापेक्षा मोटर बसवणं सोपं वाटत होतं. मी त्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "सर, तुमाला घरचं काय कळतंय? लोक हसतील." लोक तर कधीपासूनच हसत होते.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. राजूरला चतुर्थीला गेल्तो, म्हणाला, आणि गणपतीपुढं उभा असतानाच सुचलं. ठशावर नाव टाकायचं ते नंदाबाईचंच. एकटीचं. पूर्ण. "‘नंदाबाई भुजंग लोहार’! आता बोला सर. हाय का न्हाई मोठं मन?"

मला हसू आवरेना. तिचं नाव पूर्ण टाकलं तर मधे हा आपोआप बसतोच, हे त्याला खरंच औदार्य वाटत होतं. तसाच उत्साहात तो मला घेऊन घरी गेला. राजूरहून आणलेला प्रसाद आणि नवं लुगडं त्यानं नंदाबाईपुढं ठेवलं आणि आपला बेत सांगितला. ती डाळ निवडत होती. तिनं प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला.

"माझ्या नावात बी तुमी, तुमच्या नावात बी तुमी," ती म्हणाली. "मंग मी कुठं हाय?"

भुजंगनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. इतकी वर्षं हजेरी घेताना पोरींची नावं मी अशीच वाचली होती आणि हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

नंदाबाईनं डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. "ठशाचं जाऊ द्या. त्या म्हाताऱ्यानं पुन्यांदा इचारलं, तर काय सांगनार?"

"बघू की टायमावर."

"बरं. मंग मी बी टायमावरच बघते."

मार्गशीर्षात फर्गसनं दिवस कळवला. या वेळी भुजंगनं इस्त्रीचा शर्ट घातला नाही की मोजे मागितले नाहीत. गर्दी मात्र पहिल्यापेक्षा जास्त होती. राधेश्यामही आला होता. भुजंग नापास झाला तर जुना ठसा चालू राहील, या आशेनं तो बाकड्यावर बसून चहा पीत होता. नंदाबाई येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आली. कापसाच्या कामाचा जुना सदरा लुगड्यावर तसाच होता. तिनं घण घेतला आणि आपल्या जागी उभी राहिली.

थर भट्टीत पिवळे व्हायला लागले. फर्गसनं नेमकी तीच वेळ साधून विचारलं. मी भुजंगला सांगितलं, "ते म्हणतायत, ही बाई कोण?"

भुजंगनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लोखंड बाहेर काढून ऐरणीवर ठेवलं आणि हातोडी टेकवली. घण नंदाबाईच्या खांद्यावर होता. तो तिथंच राहिला.

"मार ना!"

"त्यांनी कायतरी इचारलंय."

"वाइफ," भुजंग मोबाइलकडे बघून ओरडला. "माय वाइफ!"

"ते त्यांना दिसून राह्यलं," नंदाबाई म्हणाली. घण हलला नाही.

"पार्टनर!" हा शब्द त्यानं राधेश्यामकडून उचलला होता.

"आपलं काय दुकान हाय का?"

"नंदे, लोखंड थंडं होऊन राह्यलं!"

"मंग जल्दी बोला."

पिवळा रंग कडेनं नारिंगी व्हायला लागला होता. गर्दीत कुणी हसलं नाही. राधेश्यामचा चहा कपातच राहिला. भुजंगनं लोखंडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि या माणसाला स्वतःविषयी शंका आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्याचा आवाज बारीक निघाला.

"लोहार हाय ती. मी धरतो. घडवती ती."

घण पडला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर पडद्यावरून फर्गसनं हात वर करून मला गप्प केलं. तो खाली मान घालून ऐरणीकडेच बघत होता. दणके पडत राहिले, लोखंड पुन्हा भट्टीत गेलं, पुन्हा बाहेर आलं, दुमडलं, पुन्हा जुळलं. शेवटी पातं तेजाबातून पाण्यासारखं स्वच्छ निघालं, कुठं फट नाही. दोघं उत्तीर्ण झाल्याचं फर्गसनं तिथल्या तिथं सांगितलं आणि ठशावर कोणती नावं लिहायची ते विचारलं. भुजंगनं नंदाबाईकडे पाहिलं.

ती घण टेकवून पाणी पीत होती. "आता काय टाकायचं ते टाका," ती म्हणाली.